हेगचा अर्ज फुकट, पण तो माल तिथे मिळत नाही

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात भ्रष्टाचाराचा खटला चालत नाही. हे वाक्य त्यांनी संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ठळक छापलं असतं, तर बऱ्याच तक्रारदारांची मेहनत वाचली असती. १७ जुलै १९९८ च्या रोम संविधीत चारच गुन्हे आहेत: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. सरकारी तिजोरी उपसून पॅरिसला हवेली घेणं त्यात कुठेच बसत नाही. तरी देश लुटलेल्या एखाद्या नेत्याचं नाव निघालं, की पणजीच्या कॅफेपासून पेडण्याच्या तिठ्यापर्यंत पहिला सल्ला तोच: हेगला पाठवा.

म्हणून हे परीक्षण. भ्रष्ट राज्यकर्त्याला देशाबाहेरच्या कायद्याने पकडायची जी दारं आहेत, ती ग्राहकाच्या नजरेने तपासली आहेत. आत कोणाला घेतात, खर्च काय, वर्षं किती जातात, आणि शेवटी पैसा कोणाच्या पदरात पडतो. ग्राहक म्हणजे गोव्यात बसलेला माणूस: पत्रकार, वकिलीचा विद्यार्थी, संस्थेचा कार्यकर्ता, किंवा ज्याची माणसं मापुतो, लिस्बन नाहीतर स्विंडनला आहेत असा कोणी. गोव्याला हा विषय परका नाही. यातली काही जाडजूड प्रकरणं पोर्तुगीज बोलणाऱ्या आफ्रिकेतली आहेत. त्यांचे मूळ कागद पोर्तुगीजमध्ये असतात, आणि ते सरळ वाचणारी माणसं बाकी भारतात शोधावी लागतात. इथे ती वाड्यावरच सापडतात.

आधी हेगचंच उरकून घेऊ. मे २०२३ पासून अभियोक्ता कार्यालयाचं ‘ओटीपी-लिंक’ नावाचं ऑनलाइन दार आहे. संविधीच्या कलम १५ खाली कोणीही माहिती पाठवू शकतो. फी नाही, वकील लागत नाही, कागद आणि व्हिडिओ जोडता येतात. कार्यालयाचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं, तेव्हा मजकूर त्यातल्या एका भाषेत द्यावा. फॉर्म चांगला आहे, गाडी अडते ती पुढे. घटना १ जुलै २००२ नंतरची हवी. ती सदस्य देशाच्या भूमीवर किंवा सदस्य देशाच्या नागरिकाने केलेली हवी. भारत सदस्य नाही, त्यामुळे इथल्या इथे घडलेलं काहीही सुरक्षा परिषदेने पाठवल्याशिवाय तिथे पोचत नाही. पैशाचा विषय आत शिरतो तो आडवाटेने: सशस्त्र संघर्षात केलेली लूट हा युद्धगुन्हा आहे, आणि निदर्शकांवर गोळ्या घालणाऱ्या टोळीला पगार कुठल्या खात्यातून गेला, हा पुरावा म्हणून कामाचा आहे. म्हणजे चोरी हा तिथे पुरावा होऊ शकतो, गुन्हा नव्हे. जमेची बाजू एकच, पण मोठी: कलम २७ प्रमाणे राष्ट्रप्रमुखाची खुर्ची तिथे ढाल होत नाही. भ्रष्टाचारासाठी पाचपैकी एक तारा, तोही फॉर्म नीट चालतो म्हणून.

हेगमध्येच दुसरं न्यायालय आहे, आंतरराष्ट्रीय न्यायालय. पुष्कळ लोक दोघांची गल्लत करतात. तिथे फक्त देश देशाविरुद्ध जातो. तुम्हाआम्हाला प्रवेश नाही. पण त्याचा १४ फेब्रुवारी २००२ चा काँगो विरुद्ध बेल्जियम निकाल या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचलेला असावा. पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्यावर दुसऱ्या देशाचं फौजदारी न्यायालय हात टाकू शकत नाही, असं त्यात ठरलं. माणसाला असं कवच आहे. त्याच्या खासगी बंगल्याला, गाडीला, बँक खात्याला ते तितकं मिळत नाही. पुढची सगळी दुकानं या एका फटीवर चालतात.

त्यात सर्वांत भरवशाचं दुकान पॅरिसचं निघालं. इक्वेटोरियल गिनीच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा तेओदोरिन ओबियांग याच्यावरचं प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक अडथळा येऊन गेला. पहिली तक्रार २००७ ची, संस्थांनी केलेली. ती फेटाळली गेली. २००८ मध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल फ्रान्स आणि शेर्पा या भ्रष्टाचारविरोधी संस्था पुन्हा उभ्या राहिल्या. तेव्हा वाद झाला तो चोरीवर नाही, तर ‘तुमचा काय संबंध?’ या प्रश्नावर. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बेकायदा खाणींविरुद्ध गोवा फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेली, त्या २०१४ च्या निकालामागे जनहित याचिकेची पक्की परंपरा होती. फ्रान्समध्ये ती वाट ९ नोव्हेंबर २०१० ला उघडली, जेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सपरन्सीला पक्षकार म्हणून मान्य केलं.

मग पुराव्याचं काम. लाच घेताना कोणी पाहिलेलं असतंच असं नाही, म्हणून सुरुवात बेरजेने करतात. अमेरिकी न्याय खात्याच्या हिशेबाने मंत्री म्हणून ओबियांगचा वर्षाचा पगार १ लाख डॉलरहून कमी होता, आणि जमवलेली माया ३० कोटी डॉलरहून जास्त. आपल्याकडे लाचलुचपत खात्याच्या भाषेत याला ‘ज्ञात उत्पन्नापेक्षा अधिक मालमत्ता’ म्हणतात; कल्पना तीच. त्यानंतर बिलं. पॅरिसच्या लिलावातल्या कलावस्तूंचे पैसे एका लाकूड कंपनीने भरले होते आणि ती कंपनी त्याच्याच ताब्यातली. लाकडाच्या कंपनीने चित्रं का विकत घ्यावीत, याचं सरळ उत्तर नसतं, आणि खटला तिथेच अर्धा उभा राहतो. ४२, अव्हेन्यू फॉश ही इमारत पाच स्विस कंपन्यांच्या नावावर होती. २००४ मध्ये त्याने इमारत घेतली नाही, त्या पाच कंपन्यांचे शेअर घेतले. जमिनीच्या दप्तरात मालक बदलल्याची नोंदच नाही.

गोव्याच्या वाचकाला इथे एक गोष्ट चटकन कळेल. आपल्या पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वारशात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात, आणि आयकर कायद्यातही त्यासाठी ५अ हे खास कलम आलं होतं. त्यामुळे ‘ते बायकोच्या नावावर आहे’ ही पळवाट इथे तितकी सरळ चालत नाही. पण नाव माणसाचं नसून कंपनीचं असेल, तर हा कायदाही आंधळा. म्हणून दप्तरातल्या नावापेक्षा घर वापरतं कोण, नोकरांचा पगार देतं कोण, विजेचं बिल कोणाच्या खात्यातून जातं, हे विचारायचं.

२८ सप्टेंबर २०११ ला पोलिसांनी अंगणातल्या आलिशान गाड्या उचलल्या. ४ ऑक्टोबरला इक्वेटोरियल गिनीचं फ्रान्सला पत्र: ही इमारत आमच्या दूतावासाची आहे. तेवढ्यासाठी प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि ११ डिसेंबर २०२० ला ९ विरुद्ध ७ मतांनी निकाल लागला, की या इमारतीला दूतावासाचा दर्जा कधी मिळालाच नव्हता. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर हीच युक्ती सगळ्यांनी उचलली असती. दरम्यान २०१७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ३ वर्षांची स्थगित शिक्षा, दंड आणि जप्ती सुनावली. २०२० च्या अपिलात ३ कोटी युरोंचा दंड प्रत्यक्ष भरायचा ठरला. २८ जुलै २०२१ ला सगळं कायम झालं. पहिल्या तक्रारीपासून १४ वर्षं. तो एक दिवसही तुरुंगात गेला नाही, आणि देशाचा उपराष्ट्राध्यक्ष राहिला. ज्याला बेड्या बघायच्या आहेत त्याने हे दार वाजवू नये. ज्याला हवेली काढून घ्यायची आहे त्याच्यासाठी चार तारे.

पाचवा का नाही? कारण दाराला परवाना आहे. डिसेंबर २०१३ च्या कायद्यानंतर भ्रष्टाचाराच्या खटल्यात पक्षकार व्हायला संस्था किमान ५ वर्षं जुनी आणि सरकारमान्य लागते. मान्यता ठराविक काळाने नवी करून घ्यावी लागते, आणि ती देणारं सरकारच. आँतिकोर या संस्थेची मान्यता जून २०२३ मध्ये गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये परत मिळाली. शिवाय तपास न्यायाधीश ठरवेल ती अनामत भरावी लागते. गोव्यातल्या संस्थेने थेट तक्रारीच्या भानगडीत पडू नये; फाइल तयार करून मान्यताप्राप्त फ्रेंच संस्थेच्या हाती द्यावी.

आता ब्रुकलिन, म्हणजे न्यूयॉर्कमधलं अमेरिकी न्यायालय. मोझांबीकला ज्यांचे आजे-काके नोकरीला गेले, अशी घरं बार्देश-साष्टीत अजून आहेत, तेव्हा हे प्रकरण इथे जास्त माहीत असायला हवं होतं. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी किनारा गस्त, ट्यूना मासेमारी आणि जहाजदुरुस्ती या नावाखाली सुमारे २०० कोटी डॉलर कर्ज उचललं. हमीपत्रांवर सही अर्थमंत्री मॅन्युएल चांग यांची. कर्जाचा मोठा भाग संसदेपासून आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपासून लपवलेला. २०१६ मध्ये बिंग फुटलं, नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडले, चलन कोसळलं. चांग २९ डिसेंबर २०१८ ला जोहान्सबर्ग विमानतळावर अमेरिकी वॉरंटवर पकडले गेले. त्यांना अमेरिकेला द्यायचं की मोझांबीकला, यावर दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयांत साडेचार वर्षं गेली. ८ ऑगस्ट २०२४ ला ब्रुकलिनच्या ज्युरीने दोषी ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली.

मापुतोतल्या सहीचा ब्रुकलिनशी संबंध काय? डॉलर. दोन परदेशी बँकांमधला डॉलर व्यवहार बहुधा न्यूयॉर्कच्या मधल्या बँकेतून जातो, आणि या कर्जांचे तुकडे अमेरिकी गुंतवणूकदारांनाही विकले गेले होते. म्हणून आरोप लाचेचा नव्हता. फसवणुकीचा आणि पैसे धुण्याचा कट असा होता. आखातात नोकरी करणाऱ्या गोंयकाराला बँकेची ‘स्विफ्ट कॉपी’ परिचयाची असते. जुन्या एमटी१०३ नमुन्यात रकाना ५० म्हणजे पाठवणारा, ५९ म्हणजे घेणारा, ३२अ म्हणजे तारीख, चलन आणि रक्कम. बहुतेकांची नजर तिथेच थांबते. खरं हत्यार ५३, ५४ आणि ५६ या रकान्यांत आहे: मधल्या बँका. त्यांच्या कोडचं पाचवं-सहावं अक्षर देश सांगतं. तिथे ‘यूएस’ दिसलं, तर अमेरिकी न्यायालयाचं दार किलकिलं झालं असं समजा.

किलकिलंच, कारण ते पुरेसं नसतं. याच प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये ब्रुकलिनच्याच ज्युरीने बोटी पुरवणाऱ्या कंपनीचा विक्री अधिकारी सोडून दिला. पैसा कसा वाटला गेला यावर फारसा वाद नव्हता. ब्रुकलिनशी धागा पटला नाही, असं ज्युरीतल्या लोकांनी नंतर सांगितलं. शिवाय या दुकानाची पाटी बदलली आहे. २०१० पासून लुटारू राज्यकर्त्यांच्या मालमत्तेमागे लागलेला न्याय खात्याचा खास उपक्रम ५ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने गुंडाळला गेला. पाच दिवसांनी परदेशी लाचविरोधी कायद्याची अंमलबजावणी थांबवली आणि जूनमध्ये आटोपशीर नियमांसह परत सुरू केली. जुनी पुस्तिका वाचून इथे अर्ज करणारा फसेल. आधी साडेचार तारे दिले असते, आज अडीच.

पैसा परत जाण्यात मात्र अमेरिकेने एकदा चांगला पायंडा पाडला. ओबियांगशी २०१४ मध्ये तडजोड झाली, मालिबूचा बंगला विकला गेला, आणि २०२१ मध्ये त्यातले १.९२५ कोटी डॉलर लशींसाठी संयुक्त राष्ट्रांकडे आणि ६३.५ लाख डॉलर औषधांसाठी एका वैद्यकीय संस्थेकडे गेले. सरकारच्या हातात छदाम नाही. हे महत्त्वाचं, कारण संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार, जो १४ डिसेंबर २००५ पासून लागू आहे आणि भारताने २०११ मध्ये मान्य केला, त्याचं कलम ५७ पैसा परत करा म्हणतं तेव्हा मुख्यतः मागणाऱ्या देशाला, म्हणजे त्याच्या सरकारला. चोर आणि सरकार एकाच घरात राहत असतील तर? २०२२ मध्ये इक्वेटोरियल गिनीने त्याच कराराचं बोट धरून फॉशची इमारत परत मागणारा दुसरा दावा हेगला लावला. करारातलं कलम २०, बेहिशेबी श्रीमंती हाच गुन्हा मानावा, हे सक्तीचं नाही. देशांनी ‘विचार करावा’ एवढंच त्यात आहे. करार वाचताना ‘करील’ आणि ‘विचार करील’ यांवर दोन रंगांच्या पेनने खुणा कराव्यात. अर्धा करार दुसऱ्या रंगात निघतो.

स्वित्झर्लंडबद्दल आपल्याकडे फक्त शिव्या ऐकू येतात. गोठवण्यात ते सर्वांत चपळ आहेत. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस फिलिपिन्समधून पळाला २५ फेब्रुवारी १९८६ ला. स्विस सरकारने खाती गोठवली २४ मार्चला. मात्र सुमारे ६८ कोटी डॉलर मनिलाच्या तिजोरीत जमा व्हायला २००४ उजाडलं. कारण मागणाऱ्या देशात जप्तीचा पक्का निकाल लागावा लागतो, आणि तो २००३ मध्ये लागला. जिथे तो लागतच नाही तिथे काय होतं, हे हैतीचा पदच्युत हुकूमशहा दुवालिए याच्या प्रकरणाने दाखवलं. मुदत संपली म्हणून स्विस सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१० ला पैसा परत द्यायला नकार दिला. त्याच दिवशी हैतीत भूकंप झाला. मग स्विस संसदेने घाईने नवा कायदा केला, जो फेब्रुवारी २०११ पासून लागू झाला आणि पुढे २०१५ च्या कायद्यात सामावला: मूळ देशाची न्यायव्यवस्था मोडलेली असेल तर स्विस सरकार स्वतः जप्तीचा दावा लावू शकतं. काँगोचा हुकूमशहा मोबुतू याचा पैसा याच्या आधीच हातून गेला. काँगो सरकारने पाठपुरावा केला नाही आणि २००९ मध्ये ७७ लाख फ्रँक त्याच्या वारसांना सोडून द्यावे लागले. या दुकानात नागरिकाला काउंटर नाही, पण गोठवण्याआधीच्या दिवसांत मालमत्तेची यादी हातात असलेल्या पत्रकाराला फार किंमत येते. साडेतीन.

तारवटींसाठी, म्हणजे बोटींवर नोकरी करणाऱ्या गोंयकारांसाठी, एक वेगळा परिच्छेद हवाच. मलेशियाच्या वनएमडीबी निधीतून ४५० कोटी डॉलर वळवल्याचा अमेरिकी न्याय खात्याचा आरोप आहे. त्या पैशातून घेतलेली म्हणतात ती ‘इक्वॅनिमिटी’ बोट सुमारे २५ कोटी डॉलरची. फेब्रुवारी २०१८ मध्ये बालीजवळ ती पकडली, आणि एप्रिल २०१९ मध्ये १२.६ कोटींना विकली गेली. अर्धी किंमत पाण्यात. कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये रुतलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ दहा वर्षांहून जास्त काळ ज्यांनी गंजताना पाहिली, त्यांना जप्त जहाजाचं गणित समजवावं लागत नाही. जप्तीनंतरही खलाशी, डिझेल आणि विमा चालूच राहतात. खलाशांचा थकलेला पगार हा जहाजावरचा वरच्या क्रमांकाचा हक्क असतो, तो आधी फेडावा लागतो. म्हणून अशा बोटीवर काम करणाऱ्याने करारपत्र, पगाराच्या नोंदी आणि पगार कुठल्या कंपनीच्या खात्यातून येतो, हे जपून ठेवावं. पगार देणारी कंपनी आणि कागदावरचा मालक वेगळे असतील, तर तपासाला तिथूनच सुरुवात होते.

बाकीची झटपट. लंडनचा ‘श्रीमंतीचा खुलासा द्या’ आदेश २०१८ मध्ये गाजावाजाने आला. २०२० मध्ये एका कझाक कुटुंबाच्या घरांवरचा आदेश कोर्टात टिकला नाही आणि तपास यंत्रणेवर मोठा खर्च बसला. २०२२ मध्ये तो खर्चाचा धोका कमी केला गेला. दोन तारे. मॅग्निट्स्की धर्तीची निर्बंधयादी, म्हणजे परदेशी भ्रष्ट आणि अत्याचारी माणसांची सरकारने काढलेली काळी यादी: लवकर होते, व्हिसा आणि खाती अडतात, पण गोठवणं म्हणजे जप्ती नव्हे, नाव कधी चढेल आणि कधी उतरेल हे राजकारण ठरवतं. अडीच. आणि आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी न्यायालय? कल्पना चांगली आहे, अमेरिकेचे माजी न्यायाधीश मार्क वुल्फ गेली कित्येक वर्षं ती मांडताहेत, पण इमारतीचा पायाही खणलेला नाही. तारे देता येत नाहीत.

घरबसल्या जे फुकट मिळतं ते मात्र खरंच चांगलं आहे. ब्रिटनच्या कंपनी दप्तरात २०१६ पासून कंपनीवर ताबा कोणाचा हे दिसतं, आणि ऑगस्ट २०२२ पासून तिथे जमीन असलेल्या परदेशी कंपन्यांची नोंदवही आहे. आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ऑफशोर लीक्स शोध (करमुक्त बेटांवरच्या कंपन्यांच्या फुटलेल्या कागदांचा) फुकट. ‘लुआंडा लीक्स’ प्रकरणही त्याच संघटनेचं, ७ लाखांवर कागदांचं, ज्यात अंगोलाच्या माजी राष्ट्राध्यक्षांची मुलगी इझाबेल दुश सांतुश आहे. ती आरोप नाकारते. युरोपातल्या लाभार्थी मालकांच्या, म्हणजे कंपनीमागच्या खऱ्या मालकांच्या, वह्या मात्र लक्झेंबर्गच्या युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या २२ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर सर्वांना उघड्या राहिल्या नाहीत. आता ‘रास्त कारण’ दाखवावं लागतं, आणि पत्रकाराचं ओळखपत्र तिथे कामी येतं. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्टार उपक्रमाची मालमत्ता-वसुलीची हस्तपुस्तिका उतरवून घ्यावी. भाषा कोरडी आहे, पण विनंतीपत्रात काय राहून जातं याची यादी त्यात चोख आहे.

नाव शोधताना पोर्तुगीज नावांचा घोळ लक्षात ठेवावा. आईचं आडनाव आधी, वडिलांचं शेवटी, मध्ये ‘द’, ‘दा’, ‘दुश’. एकच माणूस तीन दप्तरांत तीन नावांनी निघतो. म्हणून जन्मतारीख जुळल्याशिवाय दोन नोंदी एक मानू नयेत. ऑफशोर यादीत नाव असणं हा गुन्हा नव्हे, आणि तेवढ्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चोर’ लिहिलं तर बदनामीचा खटला तुमच्यावर.

फाइलचं पहिलं पान म्हणजे एक तक्ता: तारीख, रक्कम आणि चलन, कुठून, कुठे, मधली बँक, आणि शेवटच्या रकान्यात कागदाचा क्रमांक. ज्या ओळीला कागद नाही ती ओळ या पानावर नको. ऐकीव माहिती वेगळ्या पानावर, ‘ऐकीव’ असं लिहूनच. दुसऱ्या पानावर पगार आणि खर्च समोरासमोर, वर्षवार. मूळ डिजिटल फाइलला हात लावू नये, नाव बदलू नये, स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये. प्रत काढून काम करावं आणि मिळाल्याची तारीख व कोणाकडून हे टिपून ठेवावं. पोर्तुगीज कागदाचं भाषांतर जोडताना मूळ ओळ डावीकडे आणि भाषांतर उजवीकडे ठेवावं. जुन्या नोटरीच्या अक्षरातला ७ आणि १ यांच्यात गफलत झाली, तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी तो आकडा पकडतो, आणि मग उरलेल्या चाळीस पानांकडे कोणी बघत नाही.